संताचा उजवा कान

"बोल! बोलतो का नाही? काय सांगतलं तिनं तुले? बोल, नाही तं मुंडकंच पिरगाळून टाकतो तुयं!"

आमचा मुकादम ओरडत होता. त्याच्या आवाजाबद्दल एवढंच सांगतो की कारखान्याचा भोंगा कधी बंद पडला असता तर साहेबांनी याला चिमणीवर बसवून तिन्ही पाळ्या काढल्या असत्या. आमच्या मजूरवस्तीतली, कॅम्प एकमधली, झाडून सगळी कुत्री त्या संध्याकाळी सुपेला गावाच्या पलीकडे निघून गेली आणि त्यातली दोन तर परत आलीच नाहीत. बायका चुलीवरचा भात सोडून दाराशी जमल्या. मी रात्रपाळीला निघायच्या तयारीत केस विंचरत होतो, तो कंगवा डोक्यातच ठेवून उभा राहिलो.

ज्याच्यावर तो ओरडत होता तो मात्र गप्प होता. असणारच. तो मातीचा होता. दीड वीत उंचीचा, दाढीवाला, परदेशी साधू. अंगात काळा झगा, त्यावर पांढरी जाळीदार बंडी, डोक्याभोवती तारेला टोचलेले पाच पत्र्याचे तारे, आणि उजव्या हाताचं बोट ओठांवर. शाळेतला मास्तर पोरांना 'चूप' म्हणून दाखवतो ना, अगदी तसं.

मुकादमाची मुलगी सकाळपासून घरात नव्हती. ती कुठे आहे म्हणून त्यानं बायकोला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मी देवाले सांगतलं हाय सारं. त्याले विचारा." म्हणून हा गडी थेट माझ्या शेजारच्या मिस्त्रीच्या खोलीत येऊन, लोखंडी पेटीवर चढून, मूर्तीची मान धरून तिला विचारून राहिला होता.

"बोल म्हन्तो ना!" त्यानं मूर्ती अशी काही हलवली की कट् असा आवाज झाला. ओठांवरचं बोट तुटून खाली पडलं. क्षणभर सगळेच थांबले, मुकादमसुद्धा. मला वाटतं त्याला खरंच आशा वाटली की आता बोट निघालं, आता हा बोलेल.

तो नाही बोलला. मग मुकादमानं मान वर केली आणि अर्ध्या भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं.

"तू! तू या भितीच्या त्या अंगाले निजतं ना बे?"

आता इथं मला थोडं मागं जायला हवं, कारण ती अर्धी भिंत समजल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही.

पोलादाचा कारखाना उभा राहत होता ते दिवस. आम्ही भंडाऱ्याकडची धानाच्या बांधीतली माणसं, चिखल सोडून लोखंडात आलो होतो. आमच्या राहण्याच्या खोल्यांना वर एकच लांबलचक पत्रा होता आणि खोली-खोलीमधली भिंत पुरुषभर उंचीपर्यंतच बांधलेली होती. वर मोकळं. विटा कमी पडल्या म्हणत, कोणी म्हणत हवा खेळावी म्हणून. हवा खेळली की नाही ठाऊक नाही, बोलणं खूप खेळलं. एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाची म्हातारी 'जुग जुग जी' म्हणायची. नवराबायकोचं भांडण निघालं की भाजी काय झाली होती हे बारा खोल्यांना कळायचं.

पण अशा ठिकाणी माणसं एक रीत आपोआप शिकतात. वरून जे आलं ते ऐकायचं, आणि ऐकलं नाही असं वागायचं. सकाळी नळावर कोणी कोणाला 'काल रात्री काय झालं वो?' असं विचारत नसे. अर्ध्या भिंतीचा उरलेला अर्धा भाग आम्ही असा बांधून काढला होता.

मी या रीतीला अपवाद समजला जायचो. माझं तोंड म्हणजे सरकारी नळ, एकदा सुटला की साहेब आल्याशिवाय बंद होत नाही. मी सांगितलं होतं की भट्टीच्या पायासाठी खोदता खोदता आम्ही पाताळात पोचलो आणि तिथल्या शेषानं फणा काढून विचारलं, किस ठेकेदार के आदमी हो? मी सांगितलं होतं की एक रशियन इंजिनियर आमच्या गावच्या मिरच्यांचा ठेचा खाऊन त्याच रात्री पायी मॉस्कोला निघाला. लोक हसायचे आणि कोणी काही मानायचं नाही. माझ्या एकाही गोष्टीवर आजवर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि हे मात्र मी शपथेवर सांगू शकतो.

माझ्या शेजारच्या खोलीत एक क्रेनमिस्त्री राहायचा. गोव्याकडचा, ख्रिस्ती, पन्नाशीचा. आयुष्य नद्यांवर पूल उभारण्यात गेलेलं, म्हणून त्याचा दाढीवाला साधूही पुलांचा. मिस्त्री जिथे जाई तिथे ती मूर्ती चिंध्यांत गुंडाळून बरोबर. खोलीत जागा कुठली? एका कोपऱ्यात स्टोव्ह, एका कोपऱ्यात लोखंडी पेटी, खाट. सगळ्यात उंच आणि मानाची जागा म्हणजे आमच्यामधल्या अर्ध्या भिंतीचा माथा. तिथे त्यानं ती बसवली, तोंड अंगणाकडे करून. म्हणजे साधूचा डावा कान मिस्त्रीच्या खोलीत आला आणि उजवा माझ्या.

"ह्यो देव कोनाचा गा?" पहिल्याच आठवड्यात आमच्या मुकादमानं विचारलं. संध्याकाळी जेवणं झाली की आम्ही अंगणात बाजा टाकून बसायचो.

"देव न्हय रे बाबा, संत," मिस्त्री म्हणाला. "माणूस होता. आमच्या धर्मासाठी मेला."

आणि त्यानं गोष्ट सांगितली. पाच-सहाशे वर्षांमागची, कुठल्याशा थंड देशातली. संताचं नावही त्यानं सांगितलं होतं, पण ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही आणि आता या वयात तिला छळत नाही.

"आमच्यात कसं असतं," तो म्हणाला, "माणसाच्या हातून काय वाईट झालं, मनात काय सलत असलं, तर तो पाद्रीच्या कानात सांगतो. पाद्री त्याच्यासाठी देवाकडे माफी मागतो. आणि जे ऐकलं ते मरेपर्यंत पोटात. बायकोला नाही, पोलिसाला नाही, पोपला पण नाही."

"पाद्रीले बायको असते?" मी विचारलं.

"गप रे. तर हा राणीचा पाद्री. राणी याच्या कानात सांगायची. राजा संशयी, तापट, दारूबाज. एक दिवस बोलावला याला. विचारतो, राणी तुला काय सांगते? हा म्हणतो, महाराज, ते सांगायचं नसतं. राजा म्हणतो, मोठी गादी देतो, सांग. हा गप. तुरुंगात टाकला. गप. अंगाला जळत्या मशाली लावल्या. तरी गप. मग राजानं हातपाय बांधले आणि रातोरात पुलावरून नदीत टाकला."

मिस्त्रीनं विडी पेटवून एक झुरका घेतला.

"सकाळी लोकांनी पाहिलं तर पाण्यावर पाच तारे. आकाशात नाही, पाण्यावर. जिथे हा बुडाला तिथेच. मग खूप वर्षांनी त्याचं थडगं उघडलं. सगळी हाडं. आणि जीभ? ताजी. लाल. तुझ्या-माझ्यासारखी."

आता मी एवढ्या थापा मारलेला माणूस, पण खरं सांगतो, त्या जिभेपाशी माझ्या अंगावर काटा आला. माझी स्वतःची जीभ तोंडात मला एकदम मोठी वाटायला लागली.

सगळ्यात जास्त तापला तो आमचा मुकादम. "राजाचंच चुकलं!" त्यानं बाजेवर हात आपटला. "अरे, बाई मानूस हाय, देवाजवळ दोन शबद बोलली असन. तुले कायले पंचाईत? कावून विचारतो तू? असा राजा माया गँगमंदी असता ना, पहिल्या दिशी हाकलला असता!"

मिस्त्री मान डोलावत राहिला. हे वाक्य त्यानं नीट लक्षात ठेवलं असणार.

मग आमच्या बायकांनी जे केलं ते फक्त आमच्याच बायका करू जाणे. महादेवाच्या देवळात नंदी असतो, त्याच्या कानात आपण मनातलं सांगतो. सांगताना त्याचा दुसरा कान हातानं झाकायचा, नाहीतर एका कानातून गेलेलं दुसऱ्यातून बाहेर पडतं. कॅम्पात तेव्हा धड देऊळ नव्हतं, नंदी तर नव्हताच. आणि इथे एक साधू आयता भिंतीवर बसलेला, जो राणीचं ऐकून जळाला, बुडाला, पण बोलला नाही. नंदीपेक्षा वरचढच की! नंदीला कोणी मशाली लावून विचारलं होतं?

मिस्त्री दिवसपाळीला गेला की एकेक बाई यायची. दार नुसतं लोटलेलं असायचं. पेटी भिंतीशी ओढायची, तिच्यावर चढायचं, साधूच्या डाव्या कानाला तोंड लावायचं आणि उजवा हात वरून पलीकडे टाकून त्याचा उजवा कान झाकायचा. तो हात माझ्या बाजूला यायचा. मी रात्रपाळीचा माणूस, दिवसभर खाटेवर पडलेला. डोळे उघडावे तर भिंतीवरून एक हात आलेला आणि साधूच्या कानावर बसलेला. हिरव्या बांगड्या म्हणजे पलीकडची नवी नवरी. लाखेच्या म्हणजे कोपऱ्यातली छत्तीसगढीण. हळदीनं पिवळा पडलेला अंगठा म्हणजे मसाला कुटणारी म्हातारी.

साधूचा कान त्या झाकायच्या. माझा कोण झाकणार?

मिस्त्रीनं सुरुवातीला हरकत घेतली. "अरे, तो नंदी न्हय! ही कबुली न्हय!" पण एकदा कोणीतरी कपाळाला शेंदूर लावला तेव्हा तडजोड झाली. शेंदूर नाही, नारळ नाही, फूल चालेल, कानात बोललेलं चालेल. "ऐकायची सवय आहे त्याला," असं म्हणून तो पेटी नीट भिंतीला लावून कामावर जायला लागला.

तुम्ही विचाराल, मी ऐकलेलं बाहेर फोडलं नाही का? नाही. एक तर ती रीत. दुसरं म्हणजे बायकांची गुपितं फार साधी होती. कोणी चतुर्थीला विसरून अंडं खाल्लं होतं, कोणाला सासूचा मनापासून कंटाळा आला होता. माझ्या थापा त्याहून कितीतरी सरस असताना मी असला फिका माल कशाला विकू?

मग एका मंगळवारी दुपारी मुकादमाची बायको आली.

ही बाई म्हणजे ताडाचं झाड. आमच्या दारातून सगळे ताठ आत जायचे, ती वाकून. मुकादम तिच्या खांद्याला लागायचा, आणि कॅम्पभर गरजणारा तो माणूस घरात पाणी मागतानाही हळू बोलायचा. पत्र्यातून गळायला लागलं की लोक शिडी शोधत नसत, तिला हाक मारत. तिनं पेटी ओढल्याचा आवाज आला नाही. तिला पेटी लागलीच नाही.

"बापा," ती साधूला म्हणाली, "माह्या पोरीले वाचव."

मी डोळे उघडले. हात आला नव्हता. साधूचा उजवा कान माझ्याकडे उघडाच होता.

ती बोलत राहिली, आणि कुजबुजतही नव्हती फारशी. मुकादमानं मुलीचं लग्न ठेकेदाराच्या मेहुण्याशी ठरवलं होतं. मुकादमापेक्षा वयानं मोठा, दोन बायका पोचवलेला. ठेकेदाराला मुकादमानं सगळ्या गँगसमोर शब्द दिला होता, आता तो मागे घेणं त्याला मरणासारखं. मुलगी अठरा पार केलेली, अबोल. ती आईला एवढंच म्हणाली होती, "त्याच्या घरी जाण्यापरीस शिवनाथ बरी." शिवनाथ म्हणजे आमची नदी.

"तिचा मामा रेल्वेत हाय, गोंद्याकडं," बाई सांगत होती. "त्यानं पोरगा पाह्यला. पॉइंटमन हाय, गाडीचे रूळ बदलवते, पोरीले पसंत हाय. उद्या सकाळच्या पॅसिंजरनं तिले पाठवून देतो. शुक्रवारी गोरज मुहूर्तावर लगन हाय. तवापावतर माह्या मानसाले तिकडं जाऊ देऊ नको. एवढं कर, बापा. मंग मले काय करायचं थे कर."

पावलं गेली. मी छताकडे पाहत पडलो. साधूकडे पाहिलं तर त्याचं बोट ओठांवर. हे तो मला सांगत होता की स्वतःला, कळेना.

तर आता परत त्या बुधवारच्या संध्याकाळी. बोट तुटून पडलेलं आणि मुकादम भिंतीवरून माझ्याकडे बघतो आहे.

"तुले आयकू आलं असन. सांग, काय बोलली थे?"

मिस्त्री नुकताच कामावरून येऊन दारात उभा होता. त्यानं खाली वाकून बोट उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि शांतपणे म्हणाला, "मुकादम, त्या दिवशी राजाला शिव्या कोणी घातल्या?"

मुकादमाचा चेहरा पडला. पण माणूस एकदा पुलावर उभा राहिला की मागे फिरणं कठीण असतं. मला वाटतं त्या राजाचंही तसंच झालं असणार. तो मला म्हणाला, "माया गँगमंदी राहाचं असन तं सांग. नाही तं उद्यापासून येऊ नको."

आता काय करावं? साधूसारखं गप्प बसावं? दुसरा कोणी असता तर बसला असता. पण मी गप्प बसलो असतो तर कॅम्पातल्या शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं की याला काहीतरी माहीत आहे. मी आयुष्यात कधी गप्प बसलो नव्हतो. माझं मौन म्हणजेच कबुली झाली असती.

म्हणून मी तोंड उघडलं. "मुकादम, मी झोपेत होतो, अर्धंमुर्धं आयकू आलं. उतई, उतई असं कायतरी म्हणे. मैतरीन हाय म्हणे तिकडं."

गुरुवारी पहाटे तो दोन माणसं घेऊन सायकलीनं उतईला गेला. घरोघर विचारलं. तिथल्या लोकांनी बिचाऱ्याला पेज पाजली. दुपारी परतला तो थेट माझ्या खाटेशी. मी म्हणालो, मंग रशियन मेमसाहेबाच्या बंगल्यावर कामाले लागली असन, तसंही कायतरी आयकल्यासारखं वाटते. तो तिकडे जाऊन फाटकाबाहेर ओरडला. मेमसाहेब बाहेर आली, तिला वाटलं हा गाणं म्हणतो आहे, आणि तिनं टाळ्या वाजवल्या. एवढी एक टाळी मी जोडली आहे, बाकी सगळं खरं.

संध्याकाळी तो पुन्हा आला. ओरडला नाही. माझ्या उंबऱ्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं.

"काय गा," तो हळू आवाजात म्हणाला, "मामाकडं तं नाही गेली ना थे? सकाळची पॅसिंजर हाय. जाऊन पाहू काय?"

त्याच्या ओरडण्याला मी कधी भ्यालो नव्हतो. या हळू आवाजाला भ्यालो. सकाळची गाडी म्हणजे दुपारपर्यंत हा मामाच्या दारात. गोरज मुहूर्त तर संध्याकाळचा. 'नाही' म्हणावं तर माझी नजर हलली असती, आणि 'माहीत नाही' हे शब्द मी उभ्या जन्मात वापरलेले नव्हते. भिंतीवर साधू बसलेला, ओठांवर आता बोट नव्हतं. तो मला मोकळा दिसला.

"बरोब्बर!" मी मांडीवर थाप मारली. "मामाकडंच गेली! मुकादम, तुमी वळखलं! अहो, मामानं दुर्ग टेसनावर तिच्यासाठी खास डबा लावला, मखमलीच्या गाद्या! गार्डानं हिरव्या झेंडीनं वारा घातला तिले! उद्या गोरज मुहूर्तावर लगन हाय, पॉइंटमन नवरदेव! साऱ्या सिग्नलले आंब्याचे तोरनं बांधले! मालगाड्या उभ्या करून ठेवल्या, वऱ्हाड बसाले! अन् मंगलाष्टकं कोन म्हन्ते? इंजिनाचा भोंगा!"

मुकादमानं टोपी डोक्यावर घातली.

"तुयं तोंड हाय का गटार, लेकाच्या? इथं मानसाचा जीव चालला अन् तुले मस्करी सुचते." तो उठला. "म्हंजे मामाकडं नाहीच गेली. रायपूरले बहीन हाय माही, तिच्याकडं पाहतो."

आणि शुक्रवारी सकाळी तो उलट्या दिशेच्या गाडीत बसला.

लग्न झालं. रविवारी मामा स्वतः पेढे घेऊन कॅम्पात आला, मागे नवरा-नवरी. मुकादम आधी दार अडवून उभा राहिला, मग मुलीनं वाकून त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि ती उठेचना, तेव्हा बाजूला झाला. पुढे जे रडणं झालं ते बारा खोल्यांनी अर्ध्या भिंतीवरून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नळावर कोणी त्याचं नाव काढलं नाही.

माझ्याकडे मात्र तो आला. "तू तं खरंच सांगतलं होतं बे!"

"सांगतलं होतं तं," मी म्हणालो. "तुमीच आयकलं नाही."

त्याला मला कुठून पकडावं ते समजेना. लपवलं म्हणावं तर मी नवरदेवाच्या नोकरीसकट सांगितलं होतं. तरी शिक्षा त्यानं केलीच. मरोद्याला तलावाचं काम चाललं होतं, तिथे पंप बसवायच्या खड्ड्यात त्यानं मला कमरेइतक्या चिखलात उतरवलं. त्या राजाकडे नदी होती, आमच्याकडे मरोदा. पाण्यावर तारे काही दिसले नाहीत, बेडूक पुष्कळ दिसले. पावसाळा संपेपर्यंत मी तिथे होतो. मग मिस्त्रीनं साहेबाशी बोलून मला आपल्या क्रेनवर घेतलं.

"तुला माहीत होतं?" त्यानं मला एकदा विचारलं.

"होतं."

"आणि सांगितलंस?"

"सांगतलं."

"मग तू गुपित फोडलंस की राखलंस?"

मलाही ठरवता येईना. शेवटी तो म्हणाला, पाद्रीला विचारतो. रविवारी प्रार्थनेला जाऊन आला तो वेगळीच बातमी घेऊन. पाद्रीनं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. तो म्हणाला, मुळात त्या संताची गोष्टच तशी नाही. जुन्या कागदांत राणी नाही, कानातलं बोलणं नाही. एका मठाचा मुख्य कोणी नेमायचा यावरून राजाचं आणि बिशपचं भांडण, आणि हा बिशपचा कारभारी त्यात सापडला. छळ खरा, पूल खरा, नदी खरी. राणी लोकांनी मागाहून आणली.

मिस्त्री हिरमुसला होता. मी मात्र खाटेवर उडालो. म्हणजे आमच्या थापाड्या जातीचा कोणीतरी त्या थंड देशातही होता तर!

पण पुढे पुष्कळ दिवस मी त्यावर विचार करत होतो, आणि हसू हळूहळू ओसरलं. लोकांनी एक माणूस पुलावरून फेकलेला पाहिला. तो एका नेमणुकीच्या भांडणात मेला हे त्यांना पुरेना. एवढं सोसलं ते एखाद्या बाईच्या शब्दासाठी सोसलं असावं, असं त्यांना वाटलं असेल. आपल्यालाही कोणीतरी असं असावं, ज्याच्या कानात सांगितलं की ते तिथेच राहील. म्हणून त्यांनी त्याच्या मिटलेल्या तोंडात राणीचं गुपित ठेवलं. ते खोटं असेल, पण त्या खोट्याच्या आधारानं किती बायका किती वर्षं कोणाच्या तरी कानाशी मन मोकळं करत आल्या. आमच्या कॅम्पातल्यासुद्धा. मी एक खरी गोष्ट थापेसारखी सांगितली आणि एक मुलगी शिवनाथपासून लांब राहिली. यातलं पाप कुठलं आणि पुण्य कुठलं, हे ज्याला कळत असेल त्यानं मला सांगावं. मी सगळ्यांना सांगीन.

तुटलेलं बोट मुकादमानंच चिकटवलं. नातू झाल्याची खबर आली त्या दिवशी तो पाइपाच्या सांध्याला लावायची लाल पुट्टी घेऊन आला, काही न बोलता बोट बसवलं, काही न बोलता गेला. घाईत ते जरा वर बसलं. तेव्हापासून साधू गप्प राहायचं सांगत नसून नाक खाजवतो आहे असं दिसायचं. मिस्त्रीनं ते तसंच ठेवलं.

एक गोष्ट मात्र मला सलत राहिली. कॅम्पातली प्रत्येक बाई साधूचा उजवा कान झाकायची. छत्तीसगढीण झाकायची, चवड्यांवर उभी राहणारी नवरी झाकायची. मग तीच का नाही? पलीकडे कोण झोपतो हे तिला ठाऊक होतं. आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला 'देवाले विचारा' म्हणून माझ्याच भिंतीशी पाठवलं तिनं. गप्प माणसाला धमकावून बोलतं करता येतं, पण थापाड्याकडून कोणी खरं काढू शकत नाही, हे तिनं आधीच जोखलं होतं का? की माझ्यासारख्याच्याही पोटात काही राहू शकतं, असं तिला वाटलं होतं? मी स्वतःबद्दल असं कधी मानलं नव्हतं. म्हणून हे जाणून घेणं मला गरजेचं होतं.

मिस्त्रीची बदली दूर कुठल्याशा पुलावर झाली. मूर्ती चिंध्यांत गुंडाळायच्या आधी बायका एकेक करून फूल ठेवून गेल्या. तीही आली, दारातून वाकून, फूल ठेवून बाहेर पडली. नळाशी मी तिला गाठलं. ती एका हातानं घागर धरून दुसऱ्या हातानं पत्र्याखालच्या वाशावर वाळत घातलेलं लुगडं काढत होती, जिथे माझा हात उडी मारूनही लागत नसे.

"वहिनी," मी म्हणालो, "एक विचारू काय? त्या मंगळवारी तुमी देवाचा त्या अंगचा कान कावून नाही झाकला?"

तिनं लुगड्याची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि घागर उचलली.

"माहा हात पुरला नाही, भाऊ."